अण्णांचा हवापालट

न्याहारीच्या टेबलावर दादांनी भाषणाचा कागद तिसऱ्यांदा उलगडला, तेव्हा टोस्टला लोणी लावणारा मधलीचा हात थांबला.

“आमचे वडील,” दादा खणखणीत आवाजात वाचू लागले, “प्रकृतीच्या कारणाने या रम्य नगरीत हवापालटासाठी आले, आणि येथील सागरस्नानाने त्यांना नवे आयुष्य...”

“किती दिवस?” मधलीने विचारलं.

“काय किती दिवस?”

“हवापालट. अकरा वर्षं चालला होता ना? एवढ्या हवेत एखाद्या डोंगराचीसुद्धा प्रकृती सुधारली असती.”

धाकट्याला चहाचा ठसका लागला. दादांनी चष्म्यावरून पाहताच, ठसका खराच आहे हे पटवायला त्याने आणखी दोनदा खोकून घेतलं. पासष्टी उलटली होती, दातांचा दवाखाना मुलाच्या हवाली केला होता, तरी थोरल्या भावाने डोळे वटारले की त्याचं पुन्हा तिसरीतलं पोर व्हायचं. वहिनी नेहमीप्रमाणे नवऱ्यासाठी संत्रं सोलून त्याच्या बिया काढत होत्या.

समोर हॉटेलचा लांबलचक व्हरांडा होता. त्यात ओळीने वेताच्या आरामखुर्च्या मांडल्या होत्या आणि पलीकडे समुद्र. कधीकाळी याच खुर्च्यांवर मोठमोठे लोक शाली पांघरून पडलेले असत. डॉक्टरांनी कुणाला चौदा, कुणाला एकवीस समुद्रस्नानं लिहून दिलेली असत आणि ती मोजून झाल्याशिवाय कुणी परत जात नसे. मधलीचं अख्खं लहानपण या गावात गेलं, पण हॉटेलात पुढच्या दाराने ती काल पहिल्यांदा शिरली. पंचाहत्तराव्या वर्षी.

कारण अण्णा या गावात पेशंट म्हणून आलेच नव्हते. ते इथल्या मोठ्या स्नानगृहात पाणक्या होते. हजेरीपटावर तसंच लिहिलेलं असे, पाणक्या. भरतीच्या वेळी तळघरात उतरून मोठं लोखंडी चाक फिरवायचं, समुद्र आत घ्यायचा, कुंड भरलं की चाक बंद करायचं. ओहोटी लागली की जुनं पाणी सोडून द्यायचं आणि पुढच्या भरतीची वेळ दारातल्या फळ्यावर खडूने लिहायची. डॉक्टरांचं नाव सगळीकडे गाजलं, पण समुद्र आत यायचा तो अण्णांच्या हाताने.

दादांना तो शब्द कधी झेपला नाही. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत कुणीतरी विचारलं, वडील काय करतात? त्यावर जीभ अडखळली आणि ते म्हणून गेले, “प्रकृतीसाठी समुद्रावर असतात.” एकदा बोललं की निस्तरावं लागतं. त्या एका थापेवर नोकरी झाली, लग्न झालं, दादा हेडमास्तर झाले. त्यांच्या मुलाबाळांबरोबर थापही वाढली, आणि आजच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे म्हणून तिचा सत्कार व्हायची वेळ आली.

इथवर मधलीने सोसलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण स्नानगृह चाळीस वर्षांनी पुन्हा उघडत होतं, आणि बरोबर बारा वाजता तिथे एका पितळी पाटीवरचा पडदा सरकणार होता. पाटीवर चार रकाने होते: बांधणारे, डॉक्टर, आश्रयदाते आणि नामवंत रुग्ण. दादांनी दिलेल्या माहितीवरून अण्णांचं नाव चौथ्या रकान्यात कोरलं गेलं होतं. जो माणूस आयुष्यात एक दिवस अंथरुणात पडला नाही, त्याला हे लोक पितळेत कायमचं आजारी पाडायला निघाले होते. तिने पत्रं लिहिली, फोन केले. दादांचं उत्तर एकच, “आता कशाला उकरून काढतेस?” म्हणून ती स्वतः आली होती. पाटीवरचं नाव त्या रकान्यातून हलल्याशिवाय ती परत जाणार नव्हती.

तेवढ्यात दादांची लेक धावतपळत आत आली. स्नानगृह पुन्हा उघडणाऱ्या समितीची चिटणीस तीच. साडी घोट्यापर्यंत भिजलेली, केसांत जळमट.

“बाबा, नाही हलत ते चाक! महिना झाला. तेल पाजलं, दोन पहिलवान लावले, आज इंजिनियरांनीही हात टेकले. आता आगीचे बंब बोलावलेत. नळाच्या पाण्याने कुंड भरायचं ठरलंय.”

“म्हणजे तोंडाने सागरस्नान म्हणायचं आणि माणसांना नळाखाली बसवायचं,” मधली म्हणाली. “कुठल्या बाजूला फिरवताय गं?”

“उजवीकडे. उघडायचा बाण तसाच आहे ना, आत्या. लोखंडातच ओतलेला.”

मधलीने दादांकडे पाहिलं. दादा कागदाची घडी घालत होते. घडी नीट बसत नव्हती आणि त्यांचे कान लाल झाले होते.

“दादा, तुला माहीत होतं.”

“मला काय माहीत असणार?”

“महिनाभर पोर फोनवर सांगतेय, चाक अडकलं, चाक अडकलं. आणि तू मूग गिळून बसलास!”

“तू लहान होतीस तेव्हा,” दादा खुर्ची सरकवून उठले. “तुला काय आठवणार? उगाच त्या लोकांच्या कामात नाक खुपसू नकोस. धाकट्या, चल. पाहुणे खोळंबलेत.”

धाकटा तोंडातला घास तसाच घेऊन उठला. मधलीने भाचीचा हात धरला आणि म्हणाली, “तुझा इंजिनियर कुठे आहे ते दाखव.”

स्नानगृहाचं दर्शनी दालन लोकांनी फुललं होतं. समुद्राच्या रंगाच्या फरशा घासून पुसून लख्ख केल्या होत्या. रुग्णांना तोलायची पितळी खुर्ची जागच्या जागी होती. पोहण्याच्या क्लबातली म्हातारी मंडळी टोप्या घालून, पंचे गुंडाळून कोरड्या कुंडाच्या काठावर बसली होती. दारातल्या फळ्यावर कुणीतरी खडूने हौसेने लिहिलं होतं, आजची भरती अकरा बेचाळीस. मधलीने घड्याळ पाहिलं. अकरा पंचवीस झाले होते. ती बावीस पायऱ्या उतरली, कठडा न धरता.

तळघर तसंच होतं. तोच ओल्या दगडाचा वास आणि तेच चाक, तिच्या छातीइतक्या उंचीचं. इंजिनियर पायरीवर बसून बोळ्याने हात पुसत होता. दोन रात्री झोपला नसावा.

“डावीकडे फिरवा,” मधली म्हणाली.

“नमस्कार, आजी. बाण उजवीकडे आहे.”

“बाण कंपनीचा आहे. दांडा अण्णांचा आहे. एका वादळात जुना दांडा मोडला, तेव्हा त्यांनी लेथवाल्याकडून उलट्या आट्यांचा करून घेतला. ते डावरे होते, डाव्या खांद्यात जोर जास्त. चाक बदलायला साहेबाने परवानगी दिली नाही, म्हणून बाण तसाच राहिला. तुम्ही महिनाभर त्याला उघडत नाही आहात हो, आवळताय!”

इंजिनियरच्या हातातला बोळा थांबला. दांडा भिंतीत दगडाच्या आत होता, आटे डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

“तुम्हाला कसं माहीत?”

“चाकाला ही खिट्टी आहे ना, ती कुणीतरी वर उचलून धरावी लागते. आधी दादा धरायचा. तो शिकायला गेल्यावर मी धरायचे. चार वर्षं.”

“पण आजी,” इंजिनियर अवघडून म्हणाला, “मी आत्ताच सरांना विचारलं. ते म्हणाले, वडील इथे रुग्ण होते, तळघराशी आमचा संबंध नाही. आता हे उलटं फिरवून मोडलं तर मी काय सांगू? एका बाईंनी सांगितलं म्हणून?”

भाचीने मधलीकडे पाहिलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता. “आत्या, तू म्हणतेस ते खरं असेल तर बाबा... म्हणजे बाबा खोटं बोलतात?”

मधलीने पस्तीस वर्षं लॉन्ड्री चालवली, भल्याभल्या गिऱ्हाइकांना पाणी पाजलं, पण लेकीला तिच्या बापाविषयी सांगायचं कसं? आणि सांगितलं तरी एका हेडमास्तरांच्या शब्दापुढे धोबीणबाईचा शब्द कोण धरणार?

“हो, बोलतात,” जिन्यावरून आवाज आला. “पंचावन्न वर्षं झाली.”

वहिनी होत्या. एकेक पायरी जपून उतरत होत्या, आणि मागे धाकटा, त्यांना वर बोलवायला पाठवलेला.

“माझ्या वडिलांनी लग्नाआधी इथे माणूस पाठवून चौकशी केली होती,” वहिनी शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाल्या. “तो येऊन म्हणाला, मुलगा पाणक्याचा आहे. वडील म्हणाले, मग पाण्यासारखा नितळ असेल, द्या होकार. तेवढा एक अंदाज चुकला.”

“वहिनी! तुम्हाला माहीत होतं?” मधलीचा आवाज चिरका झाला. “मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“वाट बघत होते, आज सांगतील, उद्या सांगतील. त्यांचा पाणउतारा माझ्या तोंडून नको होता, वन्सं. चाकाच्या तोंडून झाला तर माझी काही हरकत नाही.” त्या दिराकडे वळल्या. “भाऊजी, कोट काढा.”

“मी?” धाकटा दोन पावलं मागे सरला. “अहो वहिनी, दादाला कळलं तर?”

“कळायलाच हवंय.”

धाकट्याने मधलीकडे पाहिलं. गाव सुटलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता. अण्णांना हे चाक फिरवताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या वाट्याला अण्णा आले ते शहरातल्या गिरणीच्या फाटकावर बसलेले, मुके होत गेलेले. त्याने कोट काढून पुतणीच्या हातात दिला आणि बाह्या सरसावल्या. “कसं करायचं सांग.”

“दाढ काढतोस तसं. आधी हलवायची, मग जोर.”

इंजिनियरने एकदा वर पाहिलं, एकदा घड्याळाकडे. अकरा चाळीस झाले होते. “बंब आलेच आहेत बाहेर,” तो स्वतःशीच पुटपुटला आणि चाकाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. मधलीने दोन्ही हातांनी खिट्टी वर उचलली. ती इतकी जड होती हे ती विसरली होती.

त्याच वेळी जिन्यातल्या कर्ण्यातून दादांचा आवाज घुमू लागला. “आदरणीय अध्यक्षबाई, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो...”

“डावीकडे,” मधली म्हणाली. “आता!”

काही झालं नाही. दोघांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, चाक ढिम्म. दुसऱ्यांदाही ढिम्म. तिसऱ्या वेळी वहिनींनी पर्स खाली ठेवली, भाचीच्या हातातला कोट काढून घेतला आणि म्हणाल्या, “जा, तूही लाग.” भाची पदर खोचून पुढे झाली. तिघांनी मिळून असा हिसका दिला की चाकाने कडाड् आवाज केला आणि धाकटा जवळजवळ इंजिनियरच्या अंगावर गेला.

“हललं!” इंजिनियर ओरडला. “आजी, हललं! उलटंच आहे!”

“ओरडू नका, मोजा. एक. दोन. तीन. थांबा!”

“थांबा काय? आता पूर्ण उघडू ना!”

“थांबा म्हणते ना! समुद्रापासून इथवर दोनशे पावलांचा बोगदा आहे, हवेने भरलेला. एकदम उघडलंत तर कुंडाच्या फरशा उडतील. समुद्राने आधी ढेकर दिली पाहिजे.”

“काय दिली पाहिजे?”

“ढेकर. अण्णा तसंच म्हणायचे. ढेकर आली की पुढचे सात.”

सगळ्यांनी भिंतीकडे कान लावले. भिंतीआडून बारीक खळखळ आली आणि थांबली. मग काहीच नाही. मधलीने खिट्टी घट्ट धरून ठेवली. पहिल्यांदाच तिला भीती वाटली. चाळीस वर्षांत बोगदा गाळाने बुजला असला तर? आपल्याला आठवतं ते सगळं खरंच घडलं होतं का? की दादाने एक गोष्ट रचली तशी आपणही दुसरी रचली, आणि अण्णा बिचारे दोन्हींच्या मध्ये कुठेच नव्हते?

“...प्रकृतीच्या कारणाने,” वर दादा सांगत होते, “आमचे वडील या रम्य नगरीत हवापालटासाठी आले, आणि येथील सागरस्ना...”

तेव्हा समुद्राने ढेकर दिली.

ती पोटातून आली. लांबलचक, ओली, निर्लज्ज. तळघर हादरलं, ती छतातल्या जाळीतून वर गेली आणि दालनभर घुमली. वर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पाठोपाठ सगळं दालन हसू लागलं. भाचीने तोंडावर हात घेतला. वहिनी तर भिंतीला टेकून डोळे पुसत हसत होत्या.

कर्णा मात्र गप्प होता. वरचं हसू ओसरलं तरी गप्प. मधली त्या काळ्या कर्ण्याकडे बघत राहिली. त्या आवाजाचा अर्थ वर जमलेल्या इतक्या माणसांत एकाच माणसाला कळला होता.

मग दादांचा आवाज आला. भाषणाचा नव्हे. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून जेवायला हाक मारायचे, तो.

“मधले, खाली तूच आहेस ना?”

तिने मान हलवली, जणू तिथून दिसणारच होतं.

“अजून सात. मोजून घे. घाई केलीस तर अण्णा ओरडतील.” कर्णा खरखरला. “मंडळी, माफ करा. खाली माझी बहीण आहे. हे आमच्या घरचं काम आहे.”

मधलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. “बघत काय बसलात?” ती तिघांवर खेकसली. “सात! एक...”

शाळेतल्या पाढ्यासारखे सगळे मोठ्याने मोजू लागले. धाकट्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. सातव्या फेऱ्याला भिंतीपलीकडे समुद्र असा धडधडत गेला की बोललेलं ऐकू येईना. इंजिनियरने खिट्टी तिच्या हातातून घेऊन खाली बसवली आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. तो वर उठला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

वर आली तेव्हा मधलीला आधी काही दिसलंच नाही, फक्त माणसांच्या पाठी. मग गर्दीने वाट दिली. कुंडाच्या तिन्ही दगडी तोंडांतून समुद्र कोसळत होता. आधी गढूळ, मग हिरवा, मग असा नितळ की तळाच्या फरशा मोजाव्यात. पोहण्याच्या क्लबातल्या म्हाताऱ्या टाळ्या वाजवत होत्या, खारे तुषार अंगावर घेत होत्या. आगीच्या बंबावरचे जवानही दारात येऊन बघत उभे होते.

दादा व्यासपीठावर नव्हते. ते भिंतीशी होते. पाटीवरचा पडदा त्यांनी स्वतःच्या हाताने, वेळेआधीच ओढून काढला होता आणि इंजिनियरच्या पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते पितळी पाटीचा पहिला स्क्रू सोडवत होते.

“अहो सर, हे काय करताय?” अध्यक्षबाई घाबऱ्या झाल्या.

“या पाटीवर एक माणूस चुकून आजारी पडलाय, बाई,” दादा वळून न बघता म्हणाले. “त्याला बरं करतोय.”

वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी पाटी खालून धरली. “सावकाश. पायावर पडेल.”

दादांनी बायकोकडे पाहिलं. पाहतच राहिले. “तुला... तुला हे कधीपासून...”

“आधी स्क्रू काढा.”

चौथा स्क्रू निघाला. पाटी दोघांनी मिळून भिंतीला टेकवून ठेवली. दादा मधलीसमोर येऊन उभे राहिले. त्यांचा शर्ट भिजला होता, चष्म्यावर खारे थेंब होते, आणि एकोणऐंशीव्या वर्षी ते घरचा अभ्यास न केलेल्या मुलासारखे दिसत होते. मधलीने पंचावन्न वर्षं या क्षणासाठी शब्द साठवले होते. एकेक शब्द धुऊन, इस्त्री करून ठेवलेला. त्यातला एकही तिला सापडेना.

“नवी पाटी करायची,” दादा म्हणाले. “काय लिहायचं, ते तू सांग.”

“अण्णांचं नाव. आणि पुढे, पाणक्या.”

“नुसतं?”

“नुसतं. पण सगळ्यांत वर.”

“डॉक्टरांच्याही वर?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“डॉक्टरांनी आंघोळी लिहून दिल्या, बाई. पाणी कुणी दिलं?”

अध्यक्षबाईंनी कोसळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. धाकट्याने कोट न घालताच दादांचा हात धरून त्यांना व्यासपीठाकडे वळवलं. कुणीतरी माइक बंद करून ठेवला होता. दादांनी तो पुन्हा चालू करायची वाट पाहिली नाही. ते कुंडाच्या काठावर गेले, ताठ उभे राहिले आणि बोलले.

“माझे वडील इथले पाणक्या होते. मी पाणक्याचा मुलगा आहे.”

शाळेच्या मैदानावर तीस वर्षं कमावलेला आवाज होता तो. पाण्याच्या गर्जनेवरून, दालनातून, दारातून, तो थेट हॉटेलच्या व्हरांड्यापर्यंत गेला.